जर्मन, जपानी आणि आमचे डॉक्टरसाहेब

भर मे महिन्यात चंद्रपुरात स्वेटर घालून पानठेल्यावर उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे डॉक्टरसाहेब. रस्त्यावर डांबर वितळत असायचं, ऑटोवाले डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सावलीला पडलेले असायचे, आणि साहेब पूर्ण बाह्यांच्या कॉफी रंगाच्या स्वेटरात, गळ्याशी मफलर, आरामात पान लावून घेत उभे. नवखा माणूस त्यांच्याकडे बघून हळूच बाजूला सरकायचा. पानवाला त्याला धीर द्यायचा, घाबरू नका, डॉक्टर आहेत. त्यानं तो माणूस आणखीच घाबरायचा.

कारण साधं होतं. सीटी स्कॅनच्या मशीनला उन्हाळा सोसत नाही, म्हणून त्या खोलीत बारा महिने हिवाळा ठेवलेला असायचा. साहेबांची खुर्ची मशीनशेजारच्या काचेमागे. दिवसभर त्या गारठ्यात बसायचं, मग पानासाठी पाच मिनिटं बाहेर येताना स्वेटर काढा-घाला कोण करत बसणार, असं त्यांचं म्हणणं. शहराभोवतीच्या जुन्या परकोटाच्या भिंतीआत त्यांचं घर होतं, वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. मुंबईला शिकून आले, नागपुरात काही वर्षं चांगली प्रॅक्टिस केली आणि एक दिवस ती सोडून चंद्रपूरला परतले. का, असं कोणी विचारलं तर सांगायचे, नागपुरात डॉक्टर खूप आहेत पण पान चांगलं मिळत नाही. खरं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला नंतर कामातून कळलं.

मी आरमोरीची. नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरी शोधत होते, तेव्हा त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात जागा निघाली. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती चार-पाच वर्षं. मुलाखतीत साहेबांनी कॉम्प्युटरबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुमच्या घरी भांडण झालं तर अबोला आधी कोण सोडतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आई सोडते. आणि तू? मी म्हटलं, मी सोडत नाही. ते एकदम खूश झाले आणि उद्यापासून ये म्हणाले. कामाचं स्वरूप विचारलं तर म्हणाले, दोन मशीन एकमेकींशी बोलत नाहीत, त्यांचा अबोला मोडायचा. पहिल्या दिवसापासून ते मला ‘कम्प्युटरबाई’ म्हणायला लागले. मला त्या नावाचा राग यायचा. पण हॉस्पिटलचा वॉचमनदेखील तेच म्हणू लागल्यावर मी नाद सोडला.

मशीनना त्यांनी देशावरून नावं ठेवली होती. सीटी स्कॅन म्हणजे जर्मन. आमच्या गडचिरोलीच्या शाखेतलं एक्स-रेचं नवं मशीन, जे फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचं, ते जपानी; तिथं फोटो वाचणारा डॉक्टर नव्हता, म्हणून त्याचे फोटो टेलिफोनच्या लाइनवरून इथं साहेबांच्या पडद्यावर यायला हवे असत. आणि फिल्म छापणारा प्रिंटर अमेरिकन. ‘इमेज’ हा शब्द त्यांना चालत नसे. पेशंट फोटो म्हणतो, तर आपणही फोटोच म्हणायचं. त्यामुळे आमच्याकडे सकाळी चालणारं बोलणं बाहेरच्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं की महायुद्ध पेटलंय. जपान्यानं रात्री फोटो पाठवला, जर्मननं घेतला नाही, अमेरिकन कालपासून रुसलेला आहे.

गंमत म्हणजे तिन्ही कंपन्या छातीठोकपणे सांगायच्या की आमचं मशीन एकाच जागतिक नियमानं बोलतं, सगळ्यांचे फोटो सगळ्यांना दिसतात. साहेब तो नियमांचा जाडजूड ग्रंथ खरोखर वाचत बसायचे. वाचून झाल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "सिरोंच्याचा माणूस मराठी बोलते, आन् आरमोरीचाही मराठीच बोलते. दोघाले एका बाकावर बसवून पाह्य."

कंपन्यांच्या इंजिनियरांशी त्यांचं कायम वाजलेलं असायचं. जर्मनचा इंजिनियर आला की म्हणे, दोष जपान्याचा. जपान्याचा आला की म्हणे, दोष जर्मनचा. असे महिने गेले. मग साहेबांनी एक कारस्थान केलं. दोघांनाही वेगवेगळा फोन करून सांगितलं की समोरच्यानं आपली चूक कबूल केली आहे, तुम्ही फक्त येऊन बघून जा. दोघंही हसतमुखानं एकाच दिवशी हजर. साहेबांनी त्यांना तर्री-पोहे खाऊ घातले, जर्मनच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. काचेतून त्यांना सांगितलं की गडचिरोलीचा एक फोटो या पडद्यावर दिसला की दार उघडेल, आणि स्वेटर खोलीत एकच आहे, तो माझ्या अंगावर आहे. दुपारपर्यंत ते दोघं एका चादरीत गुंडाळून बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. फोटो दिसला. छातीचा होता, आडवा दिसत होता, पण दिसला.

आडवा का, हे शोधणं माझं काम. माझी निम्मी नोकरी असल्या गोष्टींत गेली. एकदा गडचिरोलीचे काही फोटो यायचे आणि काही वाटेतच बेपत्ता व्हायचे. टेलिफोनची लाइन, मोडेम, सगळं तपासून मी थकले. शेवटी कळलं की तिथला ऑपरेटर पेशंटच्या नावाच्या जागी अख्खी कुंडली लिहायचा. एकाच नावाआडनावाच्या चार-चार बाया दवाखान्यात यायच्या, मग तो बिचारा नावापुढे गाव, नवऱ्याचं नाव आणि सोबत कोण आलं तेही टाकायचा. जर्मनला एवढं लांब नाव गिळवत नव्हतं. तो ते फोटो मुकाट्यानं टाकून द्यायचा. मी ऑपरेटरला फोन करून झापणार होते. साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. त्या माणसाचं बरोबर आहे, तो पेशंट ओळखायची धडपड करतोय, जर्मनला समजव, असं म्हणाले. मग मी दोन आठवडे खपून मधल्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. लांब नाव त्यात कापलं जायचं आणि मामा-काका दुसऱ्या रकान्यात जाऊन बसायचे. माणसानं मशीनप्रमाणे वागायचं की मशीननं माणसाप्रमाणे, या वादात साहेबांचा कौल कायम ठरलेला असायचा आणि त्यापायी माझं काम वाढायचं.

पण त्यांचा खरा ध्यास होता तो सीडीचा. आमच्याकडून पुढच्या इलाजासाठी पेशंट नागपूरला जायचे. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात आमची सीडी घातली की पडदा काळा. आमचं मशीन वेगळं, त्यांचं वेगळं. मग ते सरळ म्हणायचे, हे चालत नाही, इथं पुन्हा स्कॅन करा. कुरखेड्याहून, सिरोंच्याहून एसटीच्या तीन गाड्या बदलून आलेल्या माणसाला तेच सगळं पुन्हा. काही जण त्यालाच कंटाळून घरी परत जायचे आणि मग त्यांचं काय झालं ते कळायचंही नाही. याच गोष्टीनं साहेबांना नागपुरातून उचकटून इथं आणलं होतं. तेव्हा नागपुरातल्या काचेमागे बसून त्यांनीच कितीतरी जणांना पुन्हा स्कॅन करा म्हणून सांगितलं होतं. चंद्रपूरचा फोटो नागपुरात चालला पाहिजे, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते झोपेतही ऐकू यायचं.

आम्ही त्यात यशस्वी झालो. फोटो दाखवणारा एक साधा प्रोग्राम मी सीडीतच घालून द्यायला लागले, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सीडी उघडावी. साहेबांचा माझ्यावर विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण प्रत्येक सीडी ते स्वतः स्कूटरवरून बाजारातल्या सायबर कॅफेत घेऊन जायचे. कारण तिथले कॉम्प्युटर जगात सगळ्यात रद्दी, तिथं उघडली तर कुठंही उघडेल. कॅफेत बारावीचा निकाल बघायला आलेली पोरं बसलेली असायची, आणि मधोमध स्वेटरवाले साहेब पडद्यावर कोणाचं तरी डोकं उघडून बसलेले. कोपऱ्यात पेशंटचं नाव दिसायचं, त्यावर ते तळहात धरून ठेवायचे. उघडली की खिशात टाकून परत. नागपूरच्या एका नामी न्यूरोसर्जननं, म्हणजे डोक्याची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरनं, पहिल्यांदा आमच्या सीडीवर विसंबून पेशंट घेतला, त्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफला पान खिलवलं. मी पान खात नाही. मलाही खावं लागलं.

आता ती दिशेची गोष्ट सांगायला हवी.

मी यायच्या आधी, जर्मन बसवताना, कंपनीच्या नकाशात मशीन पूर्व-पश्चिम होतं. साहेबांनी नकाशा पाहिला आणि हात आडवा केला. म्हणाले, पेशंट झोपला की त्याचे पाय पश्चिमेला येणार, म्हणजे मक्केच्या काब्याकडे. माझ्या घरातली म्हातारी माणसं त्या टेबलावर चढणार नाहीत, मशीन फिरवा. कंपनीनं कुरकुर करत नव्यानं चर खणून मशीन उत्तर-दक्षिण बसवलं. झालं. पहिल्याच आठवड्यात मूल गावाकडचे एक शेतकरी आजोबा टेबलावर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि उतरून चपला घालायला लागले. मशीनचं ते मोठं गोल तोंड टेबलाच्या उत्तर टोकाला होतं. त्यात डोकं घालून झोपायचं म्हणजे पाय आले दक्षिणेला. मेल्यावर झोपवतात तसं जिताजागता मी झोपणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सगळा स्टाफ साहेबांकडे बघत राहिला. आपल्या म्हाताऱ्यांची सोय बघताना दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची पंचाईत झाली, याची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी आजोबांची माफी मागितली आणि त्यांना उलटं झोपवलं. पाय मशीनकडे, डोकं दक्षिणेला.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. टेबलावर चढवायच्या आधी टेक्निशियन विचारायचा, कसं झोपता? म्हाताऱ्या माणसांपैकी बरेच जण उलटं मागायचे. माणूस बुटका असला तर टेबल पार आत सरकवून डोक्याचाही फोटो निघायचा. उंच माणसाला मात्र साहेब स्वतः येऊन समजवायचे.

माणूस उलटा झोपला आहे, हे सांगायचं बटण मशीनवर होतं. पण ते एकदा दाबलं की पुढच्या पेशंटलाही लागू व्हायचं आणि त्यानं एकदा घोळ झाला होता. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं की बटणाला कोणी हात लावायचा नाही. "मशीनले कायले सांगा? आपल्याले मालूम आहे ना," असं ते म्हणाले. मशीन समजायचं की माणूस सरळच झोपलाय आणि त्याची डावी-उजवी बाजू उलटी काढायचं. टेक्निशियन नंतर पडद्यावर फोटो फिरवून सरळ करायचा आणि मग फिल्म छापायचा. फिल्म बिनचूक असायची. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं.

एका सकाळी नागपूरहून एका डॉक्टरचा फोन आला. पोटाच्या एका पेशंटची आमची सीडी त्यानं लावली होती. तुमच्या चंद्रपूरच्या माणसांचं लिव्हर डावीकडे असतं का, असं तो हसत विचारत होता. साहेबही हसले. तुमचं मशीन उलटं असेल, नागपूरचं काय सरळ आहे, असं त्यांनी सुनावलं आणि मला हाक मारली, बघ, यांना आता काय दुखतंय. मला वाटलं, नेहमीचंच. यांचा प्रोग्राम आपल्या सीडीला नीट वाचत नसेल. मी तीच सीडी आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावली. लिव्हर डावीकडे. जर्मनच्या पडद्यावर पाहिलं. लिव्हर उजवीकडे. मग टेक्निशियनला विचारलं, ह्या माणसाला कसा झोपवला होता? तो म्हणाला, उलटा.

टेक्निशियन फोटो फिरवायचा, तो फक्त पडद्यावर आणि फिल्मवर. सीडीत मूळ फोटो जायचा, मशीननं काढला तसा. सायबर कॅफेत साहेब सीडी उघडते का ते बघायचे. उघडल्यावर आत डावं-उजवं कुठं आहे, हे बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते फोटो आमच्याच जर्मनचे होते.

मी टेक्निशियनला घेऊन साहेबांकडे गेले आणि सांगितलं. साहेबांनी मला मध्येच थांबवलं नाही. पान थुंकून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोटाचं ठीक आहे. पोटात लिव्हर ओरडून सांगते की मी उलटा आहो. डोक्यात कोण सांगते?"

आणि मग आम्हा तिघांनाही एकदमच ती आठवली. आदल्या दिवशीची सिरोंच्याकडची म्हातारी. सत्तरीची, अगदी लहानखुरी, तेलुगूशिवाय काही न बोलणारी. सोबत मासेमारी करणारा तिचा मुलगा. घाटावर पाय घसरून ती पडली होती, त्याला काही आठवडे झाले होते आणि आता ती दिवसरात्र गुंगीत असायची. उलटं झोपवा, एवढंच ती गुंगीतही सांगत राहिली होती. डोक्याच्या हाडाखाली उजवीकडे जुनं रक्त साचून मेंदू दाबला जात होता. त्या आठवड्यात अमेरिकन बिघडून पडला होता, म्हणून फिल्म नव्हती. साहेबांच्या हातचा रिपोर्ट आणि सीडी घेऊन तिला त्याच नामी सर्जनकडे नागपूरला पाठवलं होतं. आज सकाळी तिच्या कवटीला भोक पाडून रक्त काढायचं होतं. भोक कुठल्या बाजूला, हे सर्जन आमच्या फोटोवरून ठरवणार होता. त्या फोटोत रक्त डावीकडे होतं.

मी म्हटलं, सर, रिपोर्टमध्ये तुम्ही उजवीकडेच लिहिलंय. ते म्हणाले, सर्जन कागद वाचत नाही, फोटो बघतो, मी त्याच्या जागी असतो तर मीही वाचला नसता. फोन त्यांनी आधीच उचलला होता.

नागपूरची लाइन लागायला वेळ लागला. लागली तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर ऑपरेशनला उभे राहिले आहेत, नंतर करा. साहेब तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले नाहीत. तिला बेटा म्हणाले आणि सांगितलं की आत जाऊन फक्त एवढं बोल, चंद्रपूरचा फोटो खोटा आहे. तिनं फोन बाजूला ठेवला. आम्ही तिघं त्या गार खोलीत रिसीव्हरकडे बघत उभे. म्हातारीचा हात मी आदल्या दिवशी धरला होता, तो खारवलेल्या माशांच्या वासाचा होता, तेच माझ्या मनात येत होतं.

मग तिकडे कोणीतरी फोन घेतला.

"भाऊ, हात थांबवा. रक्त उजवीकडे आहे. माझ्या फोटोत डावीकडे दिसून राह्यलं," साहेब म्हणाले. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाई, मशीनची नाई. चूक माझी आहे."

पुढे बराच वेळ समोरचा माणूस बोलत होता आणि साहेब फक्त हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मफलर काढला, घडी करून मांडीवर ठेवला. डाव्या बाजूचे केस काढून झाले होते, असं म्हणाले. नंतर बाथरूमला गेले ते लवकर बाहेर आले नाहीत.

दुपारी जर्मनचा इंजिनियर आला. त्याला सगळं कळलं होतं. माणूस वाईट नव्हता, साहेबांना वाचवायलाच बघत होता. तो म्हणाला, साहेब, तुम्ही नागपूरला एवढंच कळवा की दोन कंपन्यांच्या मशीनचा मेळ बसला नाही. रोज कुठं ना कुठं होतं हे, कोणी प्रश्न विचारणार नाही. मला तर ते एकदम पटलं. खोटंही नव्हतं म्हणायला. मेळ बसला नव्हताच. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग संध्याकाळपर्यंत बसून, ज्या ज्या डॉक्टरांकडे आमच्या सीड्या गेल्या होत्या त्या प्रत्येकाला फोन केला आणि प्रत्येकाला आपली चूक सांगितली. मी पेशंट उलटे झोपवले आणि मशीनला सांगितलं नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात. नशीब म्हणजे, दुसऱ्या कोणाचं वाईट झालेलं निघालं नाही. कुणाकडे फिल्म होती, कुणाकडे लिव्हर होतं.

पण त्याचा जो व्हायचा तो परिणाम झाला. नागपुरात आमची सीडी पुन्हा बंद झाली. चंद्रपूरचा पेशंट आला की, हे चालत नाही, इथं पुन्हा स्कॅन करा. दोन वर्षं मी ज्यासाठी डोळे फोडले होते ते त्यांनी एका दुपारी टेलिफोनवरून पाण्यात घातलं. मी रागानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. अबोला मी सोडत नाही, हे त्यांना मुलाखतीतच सांगितलं होतं. ते रोज माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, म्हणायचे, कम्प्युटरबाई, जर्मन तरी बोलतो, आणि निघून जायचे. शेवटी मलाच हसू आलं. अशा माणसावर किती दिवस रागावणार? मला तो माणूस फार आवडायचा, अगदी वडिलांसारखा आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत असावं.

बटणाची बंदी उठली. उलटं झोपवायचा रिवाज मात्र त्यांनी बंद केला नाही. ट्रस्टच्या लोकांनी तसं सुचवलं होतं, तर साहेब म्हणाले की म्हाताऱ्यांचं काय चुकलंय? आता दर पेशंटमागे टेक्निशियननं मोठ्यानं विचारायचं, कसा झोपलाय, आणि बटण दाबून पुन्हा वाचून दाखवायचं. शिवाय पेशंटच्या उजव्या बाजूला शिशाचा एक बारीक तुकडा चिकटवायचा, म्हणजे फोटो जगातल्या कुठल्याही मशीनवर जावो, उजवं कुठलं ते फोटोतच दिसेल. हा उपाय साहेबांनी नागपूरच्या त्या सर्जनला दाखवायला नेला, तर त्यानं त्यांना बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसवून ठेवलं. मुद्दाम स्वेटर काढून, इस्त्रीच्या शर्टात गेले होते. ते मला विशेष लागलं.

काही महिन्यांनी ती म्हातारी परत आली. तपासणीचा फोटो काढायचा होता, आणि नागपूरला न जाता चंद्रपूरलाच काढू असं तिनंच मुलाला सांगितलं होतं. आता ती टुणटुणीत होती, स्वतः चालत आली. पदर सरकला तेव्हा डोकं दिसलं. भोकाची खूण उजवीकडे होती. डावीकडे काढलेले केस अजून पुरते वाढले नव्हते, तिथं पांढरी मऊ लव उभी होती.

साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि मुलाला म्हणाले, मी बोलतो ते अव्वाला, म्हणजे आजीला, तेलुगूत सांग, एक शब्दही गाळू नको. आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती कशी झोपली होती, फोटो कसा निघाला, नागपुरात काय होणार होतं. मुलगा मध्येच अडखळला, त्याचा चेहरा पडला. त्यालाही हे आजच कळत होतं. साहेब थांबले, पुढं सांग म्हणाले. म्हातारी साहेबांच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर डाव्या बाजूच्या त्या केसांवरून तिनं एकदा हात फिरवला आणि मुलाशी हळू काहीतरी बोलली.

मुलगा म्हणाला, "म्हणते, नागपूरले कोणी विचारलं नाई कसी झोपते म्हणून. उचललं आन् ठेवलं. तुमी विचारलं होतं."

साहेबांनी चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. टेक्निशियन उगाच टेबलावरची चादर सारखी करायला लागला.

तोवर म्हातारी उठली होती. कोणी काही विचारायच्या आत ती टेबलावर चढली आणि मशीनच्या तोंडाशी डोकं ठेवून सरळ झोपली. पाय दक्षिणेला. मुलगा दचकून पुढे झाला. तिनं डोळे मिटले होते, हात छातीवर घट्ट धरले होते, आणि ती थरथरत होती. मुलानं विचारलं तर डोळे न उघडताच दोन शब्द बोलली. डॉक्टरला त्रास नको, असं म्हणतेय, असं मुलानं सांगितलं.

साहेब काचेमागून धावतच आत गेले. "नाई अव्वा, उठा," असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्याखाली हात घातला, तिला बसवलं, हळूच फिरवलं आणि डोकं दक्षिणेला करून पुन्हा झोपवलं. तिची थरथर थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग परत काचेमागे आले, टेक्निशियनला बाजूला केलं, आणि बाईचे पाय तुझ्याकडे आहेत, हे त्यांनी स्वतःच्या बोटानं मशीनला सांगितलं.